बेत आणि माया

माणसाची किंमत त्याच्या कपड्यांवरून करू नये, असे आपण मुलांस लहानपणापासून शिकवीत असतो; आणि तोच मुलगा मुलाखतीस निघाला म्हणजे त्यास दारातच थांबवून, सदऱ्यास इस्त्री केली आहे की नाही, हे आपण पाहतो. ही दोन्ही वागणी एकाच घरातील आणि पुष्कळदा एकाच माणसाची असतात. त्यांतील खरे कोणते आणि ढोंग कोणते, हा प्रश्न आम्हांस अलीकडे पडला, आणि तो एका अगदी साध्या निमित्ताने पडला.

आमच्या भाच्यास पणजीच्या एका कचेरीत नोकरी लागली. रोज पूर्ण बाह्यांचा, नेटका सदरा घालून यावे, असा तेथला नियम. पहिला पगार हाती येण्यास अजून महिना होता, आणि सदऱ्यांसाठी म्हणून त्याच्या आईने अडीच हजार रुपये बाजूस काढून ठेविले होते. त्याने आम्हांस विचारले, "मामा, ह्या पैशांत पाच स्वस्त घेऊ, की दोन चांगले?" उत्तर आमच्या जिभेवर आले होते, तरी आम्ही थांबलो. मुलगा हिशोब विचारीत होता खरा. परंतु त्या हिशोबाच्या तळाशी धर्माचा एक प्रश्न आहे, असे आम्हांस वाटले. बेताच्या परिस्थितीतील माणसाने, चार लोकांत मिसळण्यासाठी, स्वतःच्या अंगावर किती आणि कसा खर्च करावा?

प्रथम वैराग्याचा पक्ष पाहू. आपल्या देवळांत अभिषेकास बसणारा यजमान सदरा उतरवितो आणि सोवळे नेसून गाभाऱ्यापाशी जातो. सोवळे हे न शिवलेले वस्त्र. त्यास कॉलर नाही, खिसा नाही आणि कोणाच्या नावाची चिठ्ठी नाही. खात्याचा प्रमुख आणि त्याच खात्यातील कारकून तेथे शेजारी शेजारी बसले, तर त्यांचा दर्जा पाठीवरून ओळखू येत नाही. मग जी वस्तू देवापुढे उतरवून ठेवावयाची, तिची माणसांपुढे एवढी चिंता कशासाठी करावी?

हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. परंतु त्यात एक गोष्ट सुटून गेली आहे. देव आपणांस आतून जाणतो, अशी आपली श्रद्धा आहे. म्हणून त्याच्यापुढे अंगावरील वस्त्राने काही सांगावे लागत नाही. माणूस माणसास आतून जाणत नाही. कचेरीच्या खिडकीशी उभा राहिलेला म्हातारा अर्जदार, पलीकडच्या तरुणाचा चुरगळलेला सदरा आणि उघडी गुंडी पाहून, हा आपला कागद लक्ष देऊन वाचील की नाही, याचा अंदाज बांधतो. तो अंदाज चुकू शकतो, तथापि तो बांधल्यावाचून त्यास गत्यंतर नसते. ह्या अर्थाने वस्त्र ही एक भाषा आहे, आणि भाषेस जो नियम लागतो तोच वस्त्रासही लागतो. तिने खोटे बोलू नये, आणि समोरच्याचा अवमान करू नये.

ह्याचे एक मोठे उदाहरण इतिहासात आहे. १९३१ साली लंडन येथे दुसरी गोलमेज परिषद भरली. महात्मा गांधी तेथे पंचा आणि शाल एवढ्यांनिशी गेले. १९२१ च्या सप्टेंबर महिन्यात मदुराई येथे त्यांनी तो वेष स्वीकारला होता, आणि लंडनच्या थंडीतही त्यांनी तो सोडला नाही. त्याच परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर नीटस शिवलेल्या पाश्चात्त्य पोशाखात बसले होते. एकाने वस्त्र कमी करून देशातील दरिद्री माणसाशी आपले नाते सांगितले. दुसऱ्याने, ज्या समाजास पिढ्यान्‌पिढ्या धड वस्त्र लेण्याचीही मोकळीक नव्हती त्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून, पूर्ण पोशाखात बरोबरीने बसण्याचा हक्क सांगितला. ह्या दोघांत कोणाचा वेष अधिक नैतिक, असे विचारणेच व्यर्थ होय. दोघांचाही वेष त्यांच्या कार्यास बेतलेला होता.

'बेतणे' हा शब्द आम्ही येथे सहज वापरला. परंतु तो क्षणभर थांबून पाहण्यासारखा आहे. शिंपी कापड बेततो, म्हणजे अंगाचे माप पाहून ते कापतो. आपण बेत करतो, म्हणजे पुढील गोष्टीची आखणी करतो. बेताने खर्च करतो, म्हणजे मर्यादा सांभाळतो. आणि ज्याच्याजवळ फारसे नाही त्याची परिस्थिती बेताची असते. मराठीने ह्या सर्व गोष्टी एका शब्दात गोवल्या आहेत. गीतेच्या सहाव्या अध्यायात आहार, विहार आणि झोप यांविषयी जी युक्तता सांगितली आहे, तीच आपल्या बोलीत बेत होऊन शिंप्याच्या कात्रीपर्यंत आली आहे, असे म्हणावयास हरकत नाही. तेव्हा परिस्थिती बेताची असणे ही काही लाजेची गोष्ट नव्हे. सदरा बेताचा नसणे ही मात्र टाळता येण्यासारखी चूक आहे.

कारण सदऱ्याची शोभा किमतीत फारशी नसते, ती मापात असते. महागड्या कापडाचा ढगळ सदरा मागून घेतलेला दिसतो, आणि साध्या पॉपलीनचा अंगासरशी बसलेला सदरा त्या माणसाचाच दिसतो. तयार कपड्यांची ठराविक मापे एकोणिसाव्या शतकात, विशेषतः सैनिकांचे गणवेश हजारोंच्या संख्येने शिवावे लागले तेव्हापासून, रूढ होत गेली. ही मापे एका सरासरी माणसाची असतात, आणि तो सरासरी माणूस कोठेही राहत नाही. अमेरिकेच्या हवाई दलाने १९५० साली आपल्या वैमानिकांची मापे घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या संशोधकाने त्यांतील दहा मापे निवडून, ह्या दहाही बाबतींत सरासरीच्या आसपास असणारे किती, हे मोजले. ४,०६३ वैमानिकांत तसा एकही निघाला नाही. तेव्हा दुकानातील सदरा आपल्या खांद्यावर बसत नाही, ह्यात आपल्या शरीराचा काही अपराध नाही. देवाने प्रत्येकास निराळे बेतले आहे. यंत्राने मात्र सर्वांस चार-पाच आकड्यांत बसविले आहे.

मग चांगला बसलेला सदरा कसा ओळखावा? खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकाशी संपावी. ती दंडावर ओघळली तर माणूस खचलेला दिसतो, आणि आत चढली तर हात उचलताना पाठ ओढते. कॉलरची गुंडी लावल्यावर मान आणि कॉलर यांमध्ये एक बोट सहज जावे. बाही मनगटाच्या हाडापाशी थांबावी. खुर्चीवर बसून हात पुढे केले असता छातीवरील गुंड्यांमध्ये फटी पडू नयेत, आणि वाकल्यावर सदरा पँटमधून निसटू नये. एवढे पाहण्यास पैसा लागत नाही, लक्ष लागते. तयार सदरा घ्यावयाचा तर खांदा आणि गळा ही दोन मापे पाहून घ्यावा, कारण ती मागाहून सुधारणे कठीण असते. बगलेचा घेर किंवा बाहीची लांबी गल्लीतील शिंपी थोड्या पैशांत बेताची करून देतो.

आता टिकाऊपणाचा विचार. समजा, एक सदरा पाचशे रुपयांचा आहे आणि पन्नास धुण्यांत त्याची कॉलर फुगून पापुद्रे सुटतात; दुसरा बाराशेचा आहे आणि दीडशे धुणी निभावतो. पहिला दर खेपेस दहा रुपयांस पडला, दुसरा आठ रुपयांस. अशा वेळी स्वस्त सदरा घेणाराने काटकसर केली असे म्हणता येत नाही. त्याने फक्त खर्च पुढे ढकलला. तथापि किंमत अधिक म्हणजे माल चांगला, हाही भ्रमच आहे, कारण तीत कापडाच्या मोलाखेरीज नावाचे आणि जाहिरातीचे मोल मिळविलेले असते. म्हणून सदरा उलटा करून पाहावा. टीप बारीक आणि सरळ आहे काय, शिवणीच्या कडा आत मुडपल्या आहेत की दोरे लोंबत आहेत, काजांचे धागे घट्ट आहेत काय, गुंडी देठ ठेवून शिवली आहे काय, हे डोळ्यांस दिसते. कापड उजेडासमोर धरले असता विण सारखी दिसावी. गोव्याच्या दमट हवेत निव्वळ कृत्रिम धाग्याचा सदरा दुपारपर्यंत अंगास चिकटतो. पावसाळ्यात निव्वळ सुती सदरा दोन दोन दिवस वाळत नाही. म्हणून आपली हवा आणि आपले काम पाहून निवड करावी. सुती कापड शिवण्यापूर्वी भिजवून वाळवावे, म्हणजे पुढे आटण्याचे भय राहत नाही. छत्तीस इंची पन्ह्याच्या कापडात मध्यम अंगाच्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या सदऱ्यास सुमारे सव्वादोन मीटर लागते, अठ्ठावन्न इंची पन्ह्यात एक मीटर साठ सेंटिमीटरांत भागते; हे ठाऊक असले म्हणजे कापड वाया जात नाही.

आमच्या वडिलांच्या पिढीत कॉलर विरली म्हणजे ती उसवून, उलटी करून पुन्हा बसवीत, आणि सदरा आणखी दोन वर्षे चाले. त्यास कोणी कंजुषी म्हणत नसे. कृपण मनुष्य पैशास जपतो. मितव्ययी मनुष्य वस्तूस जपतो. हा भेद बाहेरून बारीक दिसतो, परंतु दोघांची मने निराळ्या दिशांना तोंड करून असतात.

येथवरचा विचार आपल्या अंगापुरता आणि आपल्या खिशापुरता झाला. तथापि सदरा घालणारा एक असला तरी तो घडविणारे अनेक असतात, आणि प्रश्नाची खरी धार तेथे आहे. २०१३ सालच्या एप्रिलच्या २४ तारखेस बांगलादेशात ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा नावाची इमारत कोसळली. तीत परदेशी विक्रीसाठी तयार कपडे शिवणारे कारखाने होते. आदल्या दिवशीच भिंतींस तडे गेलेले दिसले होते. तरीही कामगारांस दुसऱ्या दिवशी कामावर बोलाविण्यात आले. अकराशेंहून अधिक माणसे मृत्यू पावली, आणि त्यांत तरुण स्त्रियांची संख्या मोठी होती. कोणाची तरी स्वस्ताई कोणाच्या तरी जिवावर बेतली. मराठीतील त्या क्रियापदाचा हाही एक अर्थ आहे, हे विसरता येत नाही.

इतके दूर जावयास नको. इंदूरच्या आमच्या वाचकांस तेथील हुकुमचंद मिल आठवत असेल. ती १९९१ साली बंद पडली, आणि हजारो कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा प्रश्न २०२३ च्या डिसेंबरात मार्गी लागला. बत्तीस वर्षांत त्यांतील कित्येक वाट पाहतच गेले. आपण दुकानात कापडावरून हात फिरवितो तेव्हा त्या विणीत असे हात असतात, आणि किमतीच्या चिठ्ठीवर त्यांचा उल्लेख नसतो. योगसूत्रांतील पाच यमांत अस्तेय आहे. चोरी न करणे एवढाच त्याचा अर्थ आपण घेतो. परंतु दुसऱ्याच्या श्रमाचे मोल त्यास न पोहोचू देता वस्तू आपल्या घरी आणणे, हे अस्तेयाच्या कितपत जवळ आहे, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे.

आम्ही हे उपदेशाच्या आसनावरून लिहीत नाही. आम्हांस स्वतःस ह्याचा धडा फार उशिरा मिळाला. १९८९ साली आम्ही नोकरीस लागलो तेव्हा फोंड्याच्या बाजारातील एका वयस्क शिंप्याकडे दोन सदरे शिवावयास टाकले. त्याने शिलाई सांगितली पंचवीस रुपये. आम्ही घासाघीस करून ती वीसवर आणली. शेजारच्या दुकानात अठरा घेतात, असेही आम्ही सांगितले. आणि ते खरे नव्हते. म्हाताऱ्याने चष्म्यावरून एकदा आमच्याकडे पाहिले, खडूने कापडावर खूण केली आणि म्हटले, "बरें, सोमारा येयात." सोमवारी सदरे मिळाले. ते उत्तम बसले. पाच पाच रुपये वाचविल्याचा आनंद आम्ही घरी येऊन सांगितला.

पुढे आठ-नऊ वर्षांनी आमचे अंग भरले आणि ते सदरे छातीवर ताठू लागले. तोवर ते दुकान बंद झाले होते. म्हातारा निवर्तला होता. आम्ही दुसऱ्या शिंप्याकडे गेलो. त्याने बगलेची शिवण उसविली, आणि तो उसवता उसवता थांबला. आत दोन्ही बाजूंस दोन दोन बोटे माया ठेविली होती, ती नीट मुडपून, कडेस टीप घालून. "असे आता कोणी ठेवीत नाही," तो म्हणाला. सदरा सैल झाला आणि आणखी पाच वर्षे चालला. आम्ही त्या म्हाताऱ्याच्या मजुरीतून पाच रुपये कापले होते. त्याने आमच्या कापडातून काही कापले नव्हते. आज ते पाच रुपये परत करावयास तो नाही.

माया हा शब्द मंदिरात येणाऱ्या माणसास नवा नाही. वेदान्ती तिला भ्रम म्हणतो, संसारी माणूस धनास माया म्हणतो, आई लेकरावर माया करते. आणि शिवणीत आत ठेविलेल्या अधिक कापडास शिंपी मायाच म्हणतो. ती बाहेरून दिसत नाही. तिचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. आज ना उद्या हा देह बदलेल आणि तेव्हा ह्यास सोय असावी, एवढ्या विचाराने ती ठेविलेली असते. संत नामदेव शिंपी होते. पंढरीच्या महाद्वारातील पहिली पायरी नामदेवांच्या नावाने ओळखली जाते, आणि महाग सदऱ्याचा व फाटक्या सदऱ्याचा वारकरी त्याच पायरीपाशी वाकून आत जातो. वस्त्र शिवणाराच्या ठिकाणी हा मान आपल्या परंपरेने सहज ठेवला. तो आपल्या व्यवहारात मात्र उतरला नाही.

कोणी म्हणेल, हे सारे ठीक; परंतु आज शिलाईच तयार सदऱ्याइतकी झाली आहे. ज्याच्या घरी दोन वेळच्या जेवणाची ओढाताण, त्याने शिंप्याच्या मजुरीचा आणि दूरदेशीच्या कामगाराचा विचार कोठून करावा? हा आक्षेप खरा आहे, आणि त्यास आम्ही उडवाउडवीचे उत्तर देणार नाही. ज्यास एकच सदरा परवडतो त्याने तो मिळेल तेथून घ्यावा आणि स्वच्छ ठेवावा. त्यात त्याला यत्किंचितही दोष नाही. धर्माचे ओझे ज्याच्या त्याच्या खांद्याच्या मापानेच ठेवावे लागते. परंतु आपल्यांपैकी पुष्कळांची अडचण दारिद्र्याची नसते. वर्षाकाठी सवलतीत घेतलेले आठ सदरे कपाटात असतात, त्यांतील तीन बसत नाहीत, दोन विटतात, आणि शिंप्यापुढे उभे राहिल्यावर मात्र आपण गरीब होतो. त्या माणसांनी कमी सदरे घ्यावेत, पाहून घ्यावेत, आणि शिवणाराची मजुरी कापू नये, एवढेच आमचे म्हणणे. अपरिग्रह आणि अस्तेय हे दोन यम तेथे एकाच कपाटात सांभाळले जातात. महात्मा गांधींनी १९२४ साली यंत्रांविषयी बोलताना शिवणयंत्रास अपवाद केला होता, तो उगाच नव्हे. त्या यंत्राने माणसास हुसकून लावले नाही, त्याचे श्रम हलके केले; ते यंत्र आणि त्यापुढे बसलेला माणूस अजून आपल्या गल्लीत आहे, तोवर त्याच्याकडे जाण्याची वाट मोडू देऊ नये.

भाच्यास आम्ही सांगितले, पाच नको आणि दोनही नकोत. पावसाळ्यात दोन सदऱ्यांवर कचेरी निभत नाही. तीन घे. अठ्ठावन्न इंची पन्ह्याचे तीन मीटर वीस सेंटिमीटर सुती कापड आठशे रुपयांस मिळाले, एक पांढरे आणि एक फिकट निळे. दोन सदऱ्यांची शिलाई नऊशे झाली. खांदा आणि गळा पाहून एक तयार सदरा साडेसहाशेस घेतला, आणि तो बगलेत बेताचा करून घेण्यास नव्वद पडले. अडीच हजारांतून साठ रुपये उरले.

शिंप्याने शिलाई सांगितली तेव्हा भाच्याने, जरा कमी होणार नाही का, असे विचारण्यासाठी तोंड उघडले होते. आम्ही त्याच्या हातावर हात ठेवला. मग शिंप्यास म्हटले, "मजुरी तुमची तीच घ्या. फक्त आत थोडी माया ठेवा; मुलगा अजून भरायचा आहे." त्याने मान डोलाविली, फीत गळ्यातून काढली, आणि मुलाचा खांदा मोजावयास घेतला.